कातडीच्या पेशीपासून मेंदूच्या पेशी: संशोधन कुठवर आलंय आणि आपल्याकडे स्टेम सेल म्हणून काय विकलं जातंय

हरिपूरची_मास्तरीण
गुडघेदुखीच्या धाग्यावर स्टेम सेलचा (म्हणजे मूलपेशी, ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) विषय निघाला आणि तिथं मूळ प्रश्न बाजूलाच राहिला, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. तिघाचौघांनी विचारलं होतं की कातडीच्या पेशीपासून हृदय बनवतात हे खरं का व्हॉट्सॅपवरचं. अख्खं हृदय नाही, पण हृदयाच्या पेशी बनवतात, खरं आहे.

आपल्या अंगातल्या जवळपास सगळ्या पेशींत डीएनए तोच असतो. कातडीच्या पेशीत मेंदूच्या पेशीची माहिती पण असतेच, फक्त ती बंद करून ठेवलेली असते, काही जीन्सवर मिथाइल या रसायनाच्या खुणा बसतात, डीएनए घट्ट गुंडाळला जातो, आणि ती पेशी मरेपर्यंत कातडीच राहते. ही वाट एकेरी आहे असंच बरीच वर्षं धरून चालले होते. १९६२ ला इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या अंड्याचं केंद्रक निकामी केलं आणि त्या जागी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घातलं, तर त्यातून पोहणारी पिल्लं तयार झाली! म्हणजे आतड्याच्या पेशीत सगळा बेडूक अजून शाबूत होता. पुढं १९९६ ला डॉली मेंढी जन्मली ती याच वाटेनं.

पण यात अंडं लागायचंच. अंड्याशिवाय हे जमेल का हा प्रश्न जपानच्या क्योतो विद्यापीठात शिन्या यामानाका यांनी घेतला (आधी हाडांचे डॉक्टर, जन्म नेमका १९६२ चा). त्यांनी भ्रूणाच्या मूलपेशीत जोरात चालणारे २४ जीन्स निवडले. एकेक घालून बघितला, काही झालं नाही. मग त्यांचा सहकारी काझुतोशी ताकाहाशी यानं २४ च्या २४ एकदम उंदराच्या पेशीत घातले आणि डिशमध्ये थोड्या वसाहती (मूलपेशीसारख्या झालेल्या पेशींचे पुंजके) दिसल्या. आता यातले कामाचे कुठले? तर प्रत्येक वेळी एक जीन वगळायचा आणि उरलेले २३ घालायचे, ज्याला वगळल्यावर वसाहती येत नाहीत किंवा कमी येतात तो महत्त्वाचा. असं करत १० उरले, मग ४. ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. उंदराचं २००६ ला छापून आलं, माणसाच्या पेशींचं २००७ ला, आणि माणसाच्या पेशींचं त्याच सुमारास अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या टीमनं पण करून दाखवलं. गर्डन आणि यामानाका दोघांना २०१२ चं नोबेल. मला या सगळ्यात नोबेलपेक्षा ते एकेक वगळत जाणं जास्त आवडतं, बारावीच्या पोराला पण समजेल इतकं सरळ डोकं लावलंय.

अशा मागं फिरवून मूलपेशीसारख्या केलेल्या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात, आणि त्यांच्यापासून हृदयाच्या, मेंदूच्या वगैरे पेशी बनवता येतात. प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं सांगते.

वाळव्याचा_पाटील
मॅडम लई भारी लिवलंय. पण एक शंका हाय, आमच्याकडं उसाचा एक डोळा लावला की अख्खा ऊस येतो, आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची टिश्यू कल्चरची रोपं तर बारक्या शेंड्याच्या तुकड्यापासनं करत्यात. मग उसाला जमतंय ते माणसाच्या पेशीला का जमत न्हाई, त्यात नोबेल देण्यासारखं काय ते जरा इस्कटून सांगा.

हरिपूरची_मास्तरीण
पाटील दादा, हा प्रश्न वर्गात पण कुणी विचारत नाही. डोळ्यात किंवा शेंड्यात वाढणाऱ्या पेशी आधीपासून असतातच, त्या फक्त जाग्या होतात. पण पुढं जाऊन बघितलं तर पानाच्या किंवा मुळीच्या तयार पेशीला पण योग्य हार्मोन दिले की ती मागं फिरते आणि पुन्हा अख्खं रोप होऊ शकते. झाडाला जागेवरून हलता येत नाही, जनावरानं खाल्लं तरी पुन्हा फुटायला लागतं, त्यामुळं त्याच्या पेशीत ही मोकळीक राहिलीय. आपल्यासारख्या प्राण्यात उलटं आहे. आपल्या पेशी अशा सहज मागं फिरायला लागल्या तर त्या वाटेल तशा वाढतील, म्हणजे कॅन्सरच. म्हणून बंदोबस्त कडक. यामानाकांनी तो बंदोबस्त चार जीन्सनी उठवला. आणि त्या चारातला सी-मिक हा कॅन्सरशी जोडलेलाच जीन आहे, सुरुवातीच्या प्रयोगातल्या बऱ्याच उंदरांना गाठी झाल्या होत्या. अडचण कुठली हे पहिल्याच दिवसापासून माहिती होतं.

विटा_ते_पुणे
मी पुण्यात एका लॅबला पेशी सांभाळायचं काम करतो म्हणून डोळ्यानं बघितलेलं सांगतो. कातडीच्या पेशी डिशमध्ये लांबट, दोन्हीकडं टोकदार, एका दिशेला पसरलेल्या दिसतात. जीन्स घातल्यावर पहिले काही दिवस काहीच होत नाही, भरपूर पेशी मरतात, आणि मग कुठंतरी एका कोपऱ्यात चार-सहा पेशी आखूड व्हायला लागतात, गोल होतात, एकमेकीला चिकटतात आणि त्यांची एक चपटी वसाहत होते जिची कड अगदी रेघ मारल्यासारखी स्वच्छ असते. पेशीत केंद्रकच मोठं दिसतं, बाकी जागा थोडी. माणसाच्या पेशीला इथवर यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि हजारात एखादी पेशी मागं फिरली तरी बरं म्हणायचं (आता पद्धती सुधारल्यात, तरी बहुतेक पेशी फिरत नाहीतच).

मग ती वसाहत मायक्रोस्कोपखाली उचलून दुसऱ्या डिशमध्ये लावायची. खाद्याचं पाणी रोज बदलायचं, रविवार असो का दिवाळी. ते पाणी गुलाबी असतं, पेशी जास्त झाल्या की पिवळं पडतं, म्हणजे सकाळी डिश काढल्याकाढल्या रंगावरून कळतं की रात्री काय झालंय. कडेला पेशी विस्कटलेल्या दिसल्या की त्या भरकटायला लागल्यात, तेवढा भाग खरवडून टाकायचा. मग गुणसूत्रं मोजायची, जीन्स तपासायचे, जंतू नाहीत ना बघायचं.

जीन्स पेशीत न्यायला आधी डीएनएमध्ये घुसणारे व्हायरस वापरायचे, आता त्याऐवजी डीएनएमध्ये न घुसणारा सेंडाय व्हायरस वापरतात किंवा नुसता आरएनए (जीनची तात्पुरती नक्कल) देतात, त्यामुळं जीन आत कायमचे अडकून राहत नाहीत. आणि कातडीच कापायला लागते असं पण नाही, हातातून काढलेल्या रक्तातल्या पेशींपासून होतं.

हृदयाच्या पेशी केल्या की दीड-दोन आठवड्यात डिशमधला तुकडा आपोआप धडधडायला लागतो. कितीही वेळा बघितलं तरी मी दोन मिनिटं तिथंच थांबतो.

शाहूपुरी_सातारा
नमस्कार. मी साताऱ्याचा, शिक्षक म्हणून निवृत्त झालो. माझ्या पत्नीला पार्किन्सन आहे. गोळी लागू असते तोवर ठीक, गोळी उतरली की पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, उंबरा ओलांडता येत नाही. मागच्या महिन्यात एका सेंटरवरून फोन आला, कंबरेच्या हाडातून मॅरो (हाडाच्या आतला मगज) काढणार, तासाभरात त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करून मणक्यातून परत सोडणार, तीन बैठका, खर्च साडेचार लाख. म्हणाले जपानमध्ये हेच करतात, नोबेल मिळालंय. मुलगा म्हणतो पैशाचं बघू, करून टाकू. ताई, तुम्ही लिहिलंय ते आणि हे एकच का? कृपया स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

हरिपूरची_मास्तरीण
काका, एकच नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितेय.

वर विट्याच्या दादांनी सांगितलंच की पेशी मागं फिरायला आठवडे लागतात. पुढं त्यांना मेंदूच्या पेशी बनवायला अजून आठवडे, आणि तपासायला महिने. तासाभरात काढून परत सोडलेली पेशी ही मॅरोचीच पेशी असते, तिला कुणी मागं फिरवलेलं नसतं, आणि मणक्यात सोडल्यावर ती जाऊन डोपामिन (हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन, पार्किन्सनमध्ये ते बनवणाऱ्या पेशीच मरत जातात) तयार करणारी पेशी होते याला आधार नाही. नोबेल ज्याला मिळालं ते काम वेगळं आणि हे वेगळं, नाव तेवढं लावलंय.

जपानमध्ये काय केलं ते सांगते. क्योतोला जुन ताकाहाशी यांच्या टीमनं (वर आले ते ताकाहाशी वेगळे) एका निरोगी दात्याच्या पेशींपासून आयपीएस बनवल्या, त्यांच्यापासून डोपामिन तयार करणाऱ्या पेशींची आधीची अवस्था तयार केली, आणि कवटीला छिद्र पाडून मेंदूच्या आत नेमक्या जागी दोन्ही बाजूला सोडल्या. पहिलं ऑपरेशन २०१८ ला. एकूण ७ पेशंट, वय ५० ते ६९. निकाल २०२५ ला नेचर या विज्ञान साप्ताहिकात आला. दोन वर्षं लक्ष ठेवलं, पेशींमुळं गंभीर त्रास झाला नाही, गाठी झाल्या नाहीत, परिणामासाठी तपासलेल्या ६ जणांपैकी ४ जणांची गोळी उतरल्यावरची हालचाल सुधारली, आणि स्कॅनमध्ये डोपामिन तयार होताना दिसलं. मला हे वाचून खरंच आनंद झाला होता. पण सात माणसं आहेत काका, आणि दुसऱ्याच्या पेशी अंगानं नाकारू नयेत म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घ्यावी लागली.

काकूंच्या न्यूरोलॉजिस्टना गोळ्यांच्या वेळा आणि डोस पुन्हा बसवता येतो का विचारा, गोळी उतरायच्या वेळा आठवडाभर वहीत लिहून न्या. डीबीएसला (मेंदूत बारीक तार बसवून विजेचे हलके झटके देतात ते ऑपरेशन) त्या बसतात का हे पण विचारा, ते ऑपरेशन आपल्या देशात होतं आणि त्याचा अनुभव खूप वर्षांचा आहे.

मिरज_सिस्टर
काका, थांबा. मी वीस-बावीस वर्षं वॉर्डात काढलीत. आमच्या गल्लीतल्या एका घरात मुलाच्या पाठीला मार लागून पाय गेले, त्याला परराज्यातल्या एका ठिकाणी अशीच इंजेक्शनं दिली. वडलांनी ओढ्याकडेची पाऊण एकर विकली. ती फाईल माझ्याकडं आणून दाखवली होती. पावतीवर नुसतं बायोलॉजिकल प्रोसिजर एवढंच लिहिलेलं, कुठल्या पेशी, किती, कुठल्या लॅबला तपासल्या, बॅच नंबर, काहीच नाही. संमतीपत्र इंग्रजीत, त्यात एक ओळ होती की फायद्याची हमी नाही. पोराला नंतर ताप आला तेव्हा तिथं फोन लावला तर जवळच्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. पायात काही फरक नाही. साधी सलाईनची बाटली लावली तरी आम्ही बॅच नंबर लिहितो हो, आणि मणक्यात सोडलेल्या पेशींचा नंबर नाही!

कुपवाड_एमआयडीसी
सगळंच फसवं म्हणू नका राव. माझ्या चुलतभावाला ब्लड कॅन्सर होता, बहिणीचा बोन मॅरो दिला, आज तो कामावर जातोय. ती स्टेम सेलच होती ना? एकदा लोकांच्या मनात भीती बसली की चांगल्या उपचाराला पण नाही म्हणतात.

रेसिडेंट_नेत्र
कुपवाडच्या दादांचं बरोबर आहे. बोन मॅरो ट्रान्सप्लांट ही रक्ताच्या मूलपेशींची पक्की, सिद्ध झालेली ट्रीटमेंट आहे, ल्युकेमिया, थॅलेसिमिया अशा आजारात करतातच आणि करायलाच पाहिजे.

माझ्या विषयातलं अजून एक सांगतो कारण आपल्याकडं हे फार बघायला मिळतं. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोरं दाबतात आणि चुना उडून डोळ्यात जातो. बुबुळाच्या कडेला ज्या मूलपेशी असतात त्या चुन्यानं जळतात, मग बुबुळावर पांढरा पडदा चढतो आणि नुसतं नेत्रदानातलं बुबुळ बसवून टिकत नाही. अशा वेळी दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी बारका तुकडा घेऊन जळलेल्या डोळ्यावर लावतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेनं यात जगात नाव काढलंय, तुकड्याचे कण करून थेट डोळ्यावर पसरायची सोपी पद्धत त्यांनी २०१२ ला मांडली, त्याला महागडी लॅब पण लागत नाही. (चुना गेला तर पहिल्यांदा तिथल्या तिथं स्वच्छ पाण्यानं अर्धा तास डोळा धुवा, चुन्याचे कण राहू देऊ नका, मग गाडी काढा. तूप, दूध, मध काही घालू नका.)

आता उलटी बाजू. अमेरिकेत फ्लोरिडाला तीन वयस्कर बायकांच्या डोळ्यात त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या स्टेम सेल म्हणून इंजेक्शन दिलं, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींची नजर जवळजवळ गेली. २०१७ ला मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये केस छापून आलीय. त्यांना आधीपासून असलेला आजार वयोमानानं डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मध्यभाग खराब होण्याचा, म्हणजे मॅक्युलाचा. आणि त्याच आजारासाठी जपानमध्ये कोबेला मासायो ताकाहाशी यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये जगातलं पहिलं आयपीएस पेशींचं ऑपरेशन केलं. सत्तरीतल्या बाई, त्यांच्याच कातडीपासून केलेला पेशींचा पातळ थर, एकाच डोळ्यात बसवला. वर्षभरानं थर जागेवर होता, नजर सुधारली नाही पण बिघडली पण नाही. दुसऱ्या पेशंटच्या पेशी तयार झाल्या होत्या, तपासणीत जीन्समध्ये बदल दिसले तर त्यांनी ऑपरेशन थांबवलं. पेशी तयार असून थांबवलं हे माझ्या मते ऑपरेशन करण्याइतकंच मोठं काम आहे.

तासगाव_द्राक्षे
माझ्या बहिणीला टाईप वन शुगर आहे, नववीत असताना निघाली, आता कॉलेजला आहे. चीनमध्ये एका मुलीचं इन्सुलिन बंद झालं असं वाचलं. ते खरं असेल तर आम्ही कुठंही जायला तयार आहोत, एक सिझन द्राक्षाचा गेला तरी चालेल. दिवसातनं चारवेळा टोचून घेताना बघवत नाही.

विटा_ते_पुणे
दादा, बातमी खरी आहे. तियानजिनला २५ वर्षांची मुलगी, ऑपरेशन २०२३ ला झालं, २०२४ ला छापून आलं. तिच्याच चरबीतल्या पेशी मागं फिरवल्या, आणि त्या पण जीन्स न घालता, नुसत्या रसायनांनी. त्यापासून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके बनवून पोटाच्या स्नायूपाशी सोडले, अडीच महिन्यांनी तिचं इन्सुलिन थांबलं. पण तिचं आधी लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं, त्यामुळं प्रतिकारशक्ती दाबायची औषधं तिला चालूच होती. टाईप वनमध्ये शरीर स्वतःच या पेशींवर हल्ला करतं, नव्या पेशी स्वतःच्या असल्या तरी तोच हल्ला पुन्हा होणार. ती औषधं नसलेल्या माणसात या पेशी टिकतील का, हा प्रश्न तिच्या केसवरून सुटत नाही.

अमेरिकेच्या एका ट्रायलमध्ये (माणसांवरच्या चाचणीत) पूर्ण डोस दिलेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरानं बंद होतं, २०२५ चे निकाल. त्या पेशी भ्रूणाच्या मूलपेशींपासून केलेल्या, आयपीएस नव्हेत, आणि तिथं पण प्रतिकारशक्तीची औषधं चालूच. कॉलेजच्या मुलीला अशी औषधं कायमची घालायची म्हणजे जंतुसंसर्ग, किडनी, कॅन्सर असे सगळे धोके, इन्सुलिनपेक्षा ते जड जाऊ शकतं. म्हणून डॉक्टर अजून ज्यांची शुगर जिवावर बेतेल इतकी खाली जाते अशांनाच घेतात.

तिला सीजीएम सेन्सर (अंगावर लावला की सतत शुगर दाखवतो तो) परवडत असेल तर आज तोच लावा, बोटं टोचणं कमी होईल. इन्सुलिन पंपाचं पण विचारा. संशोधनावर नजर ठेवा, तिच्या वयाला यातलं काहीतरी हाती लागेल असं मला मनापासून वाटतं, मी रोज त्याच पेशींपुढं बसतो म्हणून सांगतोय.

तासगाव_द्राक्षे
एवढं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं दादा. सेन्सरचं बघतो.

पलूसची_सून
मध्येच विचारते, सातवा महिना आहे. नाळेचं रक्त साठवायला हप्त्यावर पैसे मागतायत, पुढं बाळाला काही झालं तर उपयोगी पडेल म्हणतात. सासूबाई म्हणतात भरून टाक.

मिरज_सिस्टर
बाळा, घरात कुणाला थॅलेसिमियासारखा आजार असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. नाहीतर आयसीएमआरनं (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) स्वतःच सांगितलंय की पुढं लागेल म्हणून खासगीत साठवून ठेवायला शास्त्रीय आधार नाही. बाळालाच रक्ताचा जनुकीय आजार निघाला तर तोच दोष त्या साठवलेल्या रक्तात पण असतो. सासूबाईंना माझं नाव सांग हवं तर. हिमोग्लोबिन किती आहे तुझं? गोळ्या वेळेवर घे.

शाहूपुरी_सातारा
सगळ्यांचे आभार. मुलाला हा धागा वाचायला दिला, काल रात्री दोघं बसून वाचला. तो म्हणतो त्या सेंटरला नेमकं काय विचारायचं ते एकदा लिहून द्या, म्हणजे फोनवर तो बोलेल.

हरिपूरची_मास्तरीण
काका, मुलाला पहिलं हे विचारू दे की ही ट्रायल आहे का, आणि असेल तर सीटीआरआयचा नंबर द्या. भारतातली प्रत्येक ट्रायल त्या सरकारी नोंदणीत असावीच लागते, वेबसाईट फुकट आहे, नंबर टाकला की आजार, दवाखाना, किती पेशंट घेणार, एथिक्स कमिटीची मंजुरी सगळं दिसतं. नंबर दिला तर नीट वाचा, कधीकधी नंबर गुडघ्याच्या ट्रायलचा असतो आणि लावतात पार्किन्सनला. मग पैशाचं विचारा. आयसीएमआर आणि डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) २०१७ ची नियमावली सांगते की ठरावीक रक्ताच्या आजारातले ट्रान्सप्लांट सोडले तर बाकी स्टेम सेलचे उपचार प्रायोगिक धरायचे, ट्रायलमध्येच करायचे, आणि त्यात पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्यानंतर मोजक्या एक-दोन आजारांच्या उत्पादनांना औषध नियंत्रकांनी परवानगी दिलीय, पार्किन्सन त्यात नाही. साडेचार लाख मागितले तिथंच उत्तर मिळालं. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार आणि भरपाई करणाऱ्यांवर असते, ते पण लेखी मागा. शेवटचं म्हणजे कुठली पेशी, कुठून काढलेली, किती दिवस वाढवलेली, कुठल्या लॅबला तपासलेली, हे कागदावर मागा. खरं काम करणारा माणूस हे आनंदानं सांगतो, विट्याच्या दादांसारखा.

शाहूपुरी_सातारा
मुलानं फोन केला होता. नंबर नाही म्हणाले, आमची स्वतःची पद्धत आहे म्हणाले, आणि आज पैसे भरले तर पन्नास हजार कमी करतो म्हणाले. त्यानं नको म्हणून सांगितलं. पुढच्या बुधवारी न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतलीय, वही सुरू केलीय.

रेसिडेंट_नेत्र
उत्तम काका. कुठल्या गोळीनंतर किती मिनिटांनी पाय मोकळे होतात ते पण लिहा, आणि जेवणाची वेळ. जेवणातल्या प्रोटीनमुळं काही जणांत त्या गोळीचा असर कमी होतो.

कराडची_मुक्ता
मी बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे कराडला. विटा_ते_पुणे दादा, तुमची पोस्ट तीनदा वाचली. मला हेच काम करायचंय, पण घरचे म्हणतात एमआरची नोकरी धर नाहीतर बी.एड. कर. सुरुवात कुठून करू? आमच्या कॉलेजला कल्चर हूड (जंतू न लागता पेशी हाताळायची पेटी) आहे पण बंद पडलाय.

विटा_ते_पुणे
एमएस्सीच्या प्रवेशासाठी जीएटी-बी ही बायोटेकची परीक्षा दे, आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम पण दे, दोन्हीचे जुने पेपर नेटवर मिळतात. पुण्यात एनसीसीएस आहे, पेशींच्या कामासाठीच काढलेली संस्था, आणि बंगळुरूला मूलपेशींवर काम करणारी इनस्टेम. एमएस्सीचं डिझर्टेशन अशा ठिकाणी मिळायला सहा महिने आधी ईमेल करायला लागतात, मी बरेच केले, बहुतेकांना उत्तर आलं नाही, एकाला आलं. तुझ्या शहरातच मेडिकल कॉलेज आहे, तिथं पेशींवर काम करणारं कुणी आहे का ते सुट्टीत जाऊन विचार. आत्ता आधी आयपीएसचा नाद नको, साध्या कातडीच्या किंवा हेला (लॅबमध्ये नेहमी वापरतात त्या कॅन्सरच्या) पेशी जंतू न लागता महिनाभर वाढवायला शिक, ते जमलं की बाकी शिकवणारे भेटतात.

वाळव्याचा_पाटील
पोरी, मांजरीला वसंतदादात टिश्यू कल्चरची लॅब हाय, माझा मेहुणा रोपं आणायला जातोय तिथं. जंतू लागू न देता काम करायचं शिकायचं असंल तर ते पण बघ, उसाचं असलं म्हणून काय झालं. नंबर मेसेज करतो.

हरिपूरची_मास्तरीण
मुक्ता, हूडचं काय बिघडलंय ते मला कळव. आमच्या कॉलेजचा हूड मागच्या वर्षी दुरुस्त करून घेतला, फिल्टर बदलला आणि चालू झाला. तो माणूस कराडला येतो, तुमच्या एचओडींशी बोलते.